डोंगऱ्याची बुद्धी, अठरापैकी पाच

लातूरच्या गुणसागर क्लासेसच्या तिसऱ्या मजल्यावर दर रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळेत चार जण एका टेबलाभोवती बसून अस्तित्वात नसलेल्या गुहेत शिरण्याचा प्रयत्न करीत असत. त्यासाठी त्यांनी क्लासची रीतसर परवानगी घेतली होती. अर्जात कारणाच्या रकान्यात ‘तर्कशक्तीचा विकास’ असे लिहिलेले असल्याने ती त्याच दिवशी मिळाली होती.

खेळ साधा होता. प्रत्येकाने एक काल्पनिक माणूस व्हायचे आणि त्याच्यासारखे बोलायचे, वागायचे. समोर काय घडते ते ऋतुजा सांगायची. माणसाने जे करायचे म्हटले ते त्याला जमले की नाही, हे फासे ठरवायचे.

ऋतुजा नांदेडच्या विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती. गुणसागरमध्ये ती चाचणी परीक्षांच्या निकालांचे विश्लेषण करायची, म्हणजे कोणता मुलगा कोणत्या बॅचमधून कोणत्या बॅचमध्ये ढकलायचा याची यादी दर सोमवारी काढायची. रविवारी ती गुहा चालवायची. पुनम तिथेच जीवशास्त्र शिकवायची आणि खेळात वैद्य होती. आनंदराज कनिष्ठ अभियंता होता आणि खेळात तिरंदाज. चौथा नरसिंग. तो औशाच्या बाजार समितीत काट्यावर सोयाबीनची पोती तोलायचा, आणि दहावीला तीनदा बसून पास झाला होता. खेळात तो डोंगऱ्या नावाचा हमाल होता.

डोंगऱ्याचा जन्म सर्वांसमोर झाला होता. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची, असा नियम. ताकदीला सतरा पडले. बुद्धीला पाच.

“पाच किंवा त्याहून कमी पडायची शक्यता दोनशे सोळात दहा,” ऋतुजा म्हणाली. “पुन्हा टाका हवं तर. चालतं.”

“राहू द्या की ताई,” नरसिंग म्हणाला. “पडलं ते पडलं. लेकरू झालं तसं संभाळायचं.”

त्याने संभाळलेही. त्याचा डोंगऱ्या लाळ गाळत नव्हता, भिंतीला धडकत नव्हता. त्याला एखादी गोष्ट कळली नाही की तो “मला कळलं न्हाई, पुना सांगा” एवढेच म्हणायचा. बाकीच्या दोघांनी आठ महिन्यांत हे वाक्य एकदाही उच्चारले नव्हते. डोंगऱ्याला विसरायला व्हायचे, म्हणून कुणाला शब्द दिला की तो खिशात एक खडा ठेवायचा. नरसिंगही ठेवायचा, खराखुरा, बाजार समितीच्या आवारातला, शर्टाच्या वरच्या खिशात.

सध्या खिशातला खडा नागुबाईचा होता. नागुबाई ही खेळातली म्हातारी. तिची एकुलती शेळी गुहेत गेली होती आणि डोंगऱ्या तिला “आणतो” म्हणाला होता. तिघे गुहेच्या तोंडाशी पोहोचले आणि पाच वाजले. आता फक्त एक पाऊल उरले होते.

दुर्दैवाने पात्रांची माहिती लिहिण्यासाठी ऋतुजा जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू वापरायची. त्या रविवारी डोंगऱ्याचा कागद टेबलावरच राहिला, आणि सोमवारी त्याच खोलीत पालकसभा झाली. एका पालकाने फोटो काढला. दुपारपर्यंत तो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. वर क्लासचा शिक्का, खाली ‘नाव: डोंगऱ्या. बुद्धी: ५ (१८ पैकी)’.

ग्रुपमध्ये दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, लेकराची अशी जाहीर बदनामी करणे बरे नाही. दुसऱ्याचे म्हणणे, असले लेकरू आमच्या लेकरांच्या बॅचमध्ये बसतेच कसे? एका पालकाने तटस्थ राहून त्याची जागा कधी रिकामी होणार, एवढेच विचारले.

क्लासचे संचालक अण्णाराव सर यांनी सायंकाळी खुलासा टाकला: ‘डोंगऱ्या नावाचा कोणताही विद्यार्थी आपल्याकडे नाही. असल्यास तो अस्तित्वात नाही.’ मग त्यांनी ऋतुजाला बोलावले.

“म्हणजे आपल्या वास्तूत कमी बुद्धीच्या माणसाची थट्टा चालते,” सगळे ऐकून घेतल्यावर सर म्हणाले.

“थट्टा नाही सर. नरसिंग उलट फार मायेनं करतो.”

“माया आहे की थट्टा, हे करणारा कसं ठरवणार? त्यासाठी समिती लागते.”

सर नुकतेच पुण्यात संवेदनशीलतेची दोन दिवसांची कार्यशाळा करून आले होते. प्रमाणपत्र चौकटीत बसवून झाले होते, आता फक्त संवेदनशीलता दाखवायला विषय हवा होता. तो असा घरी चालत आला. ‘अल्पबुद्धी पात्र सन्मान समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष सर, सदस्य पुनम आणि आनंदराज, सदस्य सचिव ऋतुजा. नरसिंगला घेतले नाही, कारण तो पात्राच्या फार जवळचा होता.

पहिल्या बैठकीत समितीने स्वतःचेच नाव अपमानकारक ठरवले. ‘अल्पबुद्धी’ हा शब्द काढून ‘बुद्धिप्रतीक्षाधीन’ हा शब्द घालण्यात आला. बुद्धी कमी नाही, यायची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या बैठकीत ‘संबंधित घटकाचे मत घ्यावे’ असे ठरले. संबंधित घटक म्हणजे डोंगऱ्या. त्याच्या नावे पत्र तयार झाले, पण पत्ता नव्हता. ते सूचनाफलकावर लावले आणि सात दिवसांची मुदत दिली. सात दिवसांत उत्तर आले नाही, म्हणून त्याची संमती गृहीत धरली.

“कशाला संमती?” आनंदराजने विचारले.

“ते आता ठरवू,” सर म्हणाले.

तिसऱ्या बैठकीला नरसिंगला प्रात्यक्षिकासाठी बोलावले. तो औशाहून एसटीने आला, कपड्यांना सोयाबीनची धूळ तशीच.

“बोला,” सर म्हणाले. “डोंगऱ्या गुहेसमोर उभा आहे. काय म्हणतो?”

“शेळी आत हाय न्हवं? मग मी जातो. तुमी कंदील धरा.”

सरांनी पेन खाली ठेवले. “पाहिलंत? ‘हाय’. ‘तुमी’. बुद्धी कमी दाखवायची की लगेच अशी भाषा. हा त्या वर्गाचा उपहास आहे.”

“सर,” नरसिंग म्हणाला, “ते डोंगऱ्याचं न्हाई. मीच असा बोलतो.”

“तुमच्याबद्दल समितीला काहीही म्हणायचं नाही. तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे. आपण फक्त भाषेबद्दल बोलतोय.”

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. चाकूरहून थोरले बंधू होते. “हाव दादा,” सर म्हणाले. “न्हाई, मीटिंगीत हाय. सांजच्याला येतो की. कामून? बरं, बरं.” फोन ठेवून त्यांनी घसा साफ केला. “तर, भाषा.”

नियम ऋतुजाने लिहिला. ‘बुद्धिप्रतीक्षाधीन पात्राने प्रमाण मराठीत बोलावे.’ लिहिताना तिला काहीतरी चुकते आहे असे वाटले. पण खोली सरांची होती, नोकरी सरांची होती, आणि सदस्य सचिवाचे वाटणे इतिवृत्तात येत नाही. तिचे अक्षर मात्र सुरेख होते.

पुढच्या रविवारी डोंगऱ्या प्रमाण मराठीत बोलला. “आपण... कृपया... कंदील... धारण करावा,” नरसिंग म्हणाला, आणि पुढचे वाक्य मनात नीट जुळवू लागला. ते जुळेपर्यंत, नियमाप्रमाणे, कंदिलातले तेल संपले होते.

“ह्याच्यापरीस मुकाच बरा हुता,” नरसिंग हसत म्हणाला. त्याची ‘अनौपचारिक अभिप्राय’ म्हणून नोंद झाली.

चौथ्या बैठकीत सरांना दिसले, की दोष शब्दात नव्हता, भाषेतही नव्हता. तो आकड्यात होता. “पाच. अठरापैकी पाच म्हणजे सत्तावीस पूर्णांक अठ्ठ्याहत्तर टक्के. माणसाला या टक्क्यावर ठेवून त्याचा सन्मान कसा करणार?”

“तो काल्पनिक आहे, सर,” पुनम म्हणाली.

“म्हणूनच त्याचा निकाल सुधारणं सोपं आहे.”

डोंगऱ्याला रिपीटर बॅचमध्ये प्रवेश देण्यात आला. ही बॅच पार्किंगच्या शेडमागे भरायची. तिथे खरीखुरी साठ मुले बसत, आणि पावसाळ्यात मागच्या दोन रांगा पाय वर घेऊन बसत. डोंगऱ्यासाठी मात्र पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवली, कारण तो संवेदनशील विषय होता. दर आठवड्याला त्याची चाचणी व्हायची, तो गैरहजर असायचा, आणि गैरहजेरीबद्दल सहानुभूतीचे गुण मिळायचे. तीन आठवड्यांत त्याची बुद्धी अठरा झाली. क्लासबाहेर फलक लागला, त्यावर फोटोच्या जागी हमालाची आकृती होती.

मग पुनम आणि आनंदराज यांनीही अर्ज केले. त्यांच्या पात्रांची बुद्धी बारा आणि तेरा होती आणि हमालापुढे ती बरी दिसेना. त्यांनाही अठरा देण्यात आले.

“सर, तिघांनाही अठरा पडायची शक्यता एक कोटीत एकदा आहे,” ऋतुजा म्हणाली.

“आपल्या क्लासचा निकाल असाच असतो,” सर शांतपणे म्हणाले.

यानंतर तीन रविवार ते तिघे महाबुद्धिमान गुहेच्या तोंडाशी उभे राहिले. वैद्याने आतल्या हवेचा नमुना मागितला. तिरंदाजाने छताच्या मजबुतीचा प्रश्न काढला. शेळी खरोखर नागुबाईचीच आहे याचा पुरावा काय, हा मुद्दा दोघांनी मिळून दीड तास चालवला. तिसऱ्या रविवारी ऋतुजाने नुसते सांगितले, “नागुबाई शिवेवर बसली आहे. मांडीवर पाल्याची पेंढी आहे. पाला वाळत चाललाय.”

सगळे नरसिंगकडे पाहू लागले. त्याने खिशातला खडा चाचपला.

“आता ह्याला बी लई कळतंय, ताई,” तो म्हणाला. “पाऊल उचलंना झालंय.”

आणि नेमके तेव्हा नांदेडच्या विभागीय टेबलखेळ मेळाव्याचे पत्रक आले. सर्व संघांना आवाहन होते. पान चार, कलम नऊ: ‘प्रत्येक संघात किमान एक कमी बुद्धीचे पात्र असावे. त्याच्या सन्मानपूर्वक सादरीकरणास वीस गुण.’

सरांनी कलम दोनदा वाचले. वीस गुण ही सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हती. पण डोंगऱ्याची बुद्धी अठरावरून पाचावर आणायची म्हणजे क्लासचा निकाल खाली आणणे, आणि ते गुणसागरच्या इतिहासात झालेले नव्हते. शेवटी इतिवृत्तात वाक्य घातले गेले: ‘ही घसरण तात्पुरती व सांस्कृतिक स्वरूपाची आहे.’ डोंगऱ्या पुन्हा पाच झाला.

नरसिंगचा चेहरा उजळला. “मग मी करतो की आता, पैल्यासारखा.”

“तुम्ही नाही,” सर म्हणाले. “सन्माननीय पात्र सन्माननीय माणसानं करावं. मी स्वतः करणार आहे.”

नरसिंगसाठी नवा कागद काढण्यात आला. पात्र: आचार्य. ताकद सहा, बुद्धी अठरा. नरसिंगने तो उलटसुलट पाहिला, घडी घातली, मग डोंगऱ्याचा कागद सरांपुढे ठेवला आणि त्यावर खडा.

“हे काय?”

“डोंगऱ्याचं हाय. शेळीचं इसरू नये म्हनून.”

सरांनी साहित्याची यादी तपासली. दोर होता, टोपली होती, खडा नव्हता. त्यांनी तो प्रवेश अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवला, म्हणजे पंख्याने कागद उडणार नाहीत. सर गेल्यावर ऋतुजाने गठ्ठ्यावर डस्टर ठेवले आणि खडा पर्समध्ये टाकला. सदस्य सचिव म्हणून केलेल्या कामांपैकी इतिवृत्तात नसलेले हे पहिलेच.

नांदेडला सभागृह भरलेले होते. मुख्य परीक्षक शरणम्मा मॅडम, देगलूरच्या निवृत्त प्राध्यापिका, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन बसल्या होत्या. गुणसागरच्या संघाला चाळीस मिनिटे होती.

सरांनी डोंगऱ्यासाठी कोट घातला होता. प्रत्येक वाक्याआधी ते “मी बुद्धिप्रतीक्षाधीन असलो, तरी मला भावना आहेत” असे म्हणायचे आणि मग वाक्य राहून जायचे. ओझे उचलणे पात्राच्या प्रतिष्ठेला बाधक म्हणून दोर आणि टोपली वैद्याने घेतली. डोंगऱ्याला कोणी काही विचारीना, कारण उत्तर आले नाही तर तो त्याचा अपमान ठरला असता. शेवटी सर्वांनी मिळून डोंगऱ्याला गुहेबाहेरच्या एका दगडावर सन्मानाने बसवले. सर हात जोडून बसले. परीक्षकांनी काहीतरी लिहिले.

मग वैद्य आणि तिरंदाज यांच्यात हवेच्या नमुन्यावरून सुरू झाले. तीस मिनिटे झाली. ऋतुजाने फासे हातात खुळखुळवले. तिचे लक्ष नरसिंगकडे होते. आचार्याचा हात पुन्हा पुन्हा शर्टाच्या वरच्या खिशाकडे जात होता. खिसा रिकामा होता.

“आचार्य,” ऋतुजा म्हणाली, “तुमची पाळी.” आणि तिने टेबलावरून फासे त्याच्याकडे सरकवले. तीन फासे आणि एक खडा.

नरसिंगने तिच्याकडे पाहिले नाही. खडा उचलून खिशात टाकला.

“मला कळलं न्हाई,” आचार्य म्हणाला. “पुना सांगा.”

पुनम थांबली. आठ महिन्यांच्या सवयीने तिने पुन्हा सांगितले. हवा, छत, पुरावा.

“ते झालं. शेळी आत हाय का?”

“असावी.”

“आपुन आणतो म्हनलो हुतो का?”

आनंदराजने मान हलवली. “म्हणालो होतो.”

“मग?”

दोन्ही अठरांनी एकदम छताचा मुद्दा पुन्हा काढला.

“तुमी कंदील धरा,” आचार्य म्हणाला आणि आत गेला.

ताकद सहा, म्हणजे शेळी उचलून आणायला फाशांवर सहा किंवा त्याहून कमी पडायला हवे होते. ऋतुजाला शक्यता माहीत होती, दोनशे सोळात वीस. नरसिंगने फासे टाकले. एक, दोन, दोन. शेळी बाहेर आली. शिवेवर नागुबाई उठून उभी राहिली, एवढे ऋतुजाने सांगितले, आणि वेळ संपली.

गुणसागरचा संघ पहिला आला. शरणम्मा मॅडमनी शेरे वाचून दाखवले. डोंगऱ्याला वीसपैकी वीस: ‘सन्मान इतका परिपूर्ण, की पात्राची बुद्धी कमी आहे हे कोठेही जाणवले नाही. पात्रही जाणवले नाही.’ सरांनी उभे राहून नमस्कार केला.

“आणि आचार्य,” मॅडम म्हणाल्या. “प्रगल्भ बुद्धीचं इतकं खोल दर्शन मी पाहिलेलं नाही. मोजकेच प्रश्न, आणि तेही बोलीत. विद्वानाच्या तोंडी लोकभाषा देणं हे धाडस आहे. ही बोली आत्मसात करायला किती दिवस लागले तुम्हाला?”

नरसिंगने हिशेब केला. “बत्तीस वर्सं लागली, मॅडम.”

सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. आचार्यांची विनोदबुद्धीही वाखाणली गेली.

परतीच्या एसटीत सरांनी पुढची योजना मांडली. गुणसागरमध्ये हुशार मुलांसाठी ‘प्रगल्भ संवाद’ नावाचा महिनाभराचा वर्ग सुरू होणार होता. त्यात ‘हाय’, ‘न्हाई’ आणि ‘पुना सांगा’ शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकवले जाणार होते. शिकवायला नरसिंग चालला असता, पण शिक्षकाला दहावीला किमान साठ टक्के हवेत, हा क्लासचा नियम होता. त्यामुळे पुनमने नरसिंगकडून शिकून घ्यावे आणि मग शिकवावे, असे ठरले. पुनमने खिडकीबाहेर पाहिले. सर समाधानाने झोपले.

अहमदपूरला गाडी थांबली. ऋतुजा आणि नरसिंग चहाला उतरले.

“ताई, येक इचारू?” नरसिंग हळूच म्हणाला. “त्या आचार्याचं येगळं काय करायचं हुतं? मला काई सुचलंच न्हाई. मी आपला डोंगऱ्याच करत बसलो. कुनाला कळलं तर न्हाई न्हवं?”

“नाही,” ऋतुजा म्हणाली. “कुणालाच कळलं नाही.”

तिने चहा संपवला, स्पर्धेनंतर टेबलावरून उचललेला डोंगऱ्याचा कागद पर्समधून काढून त्याला दिला. बुद्धीच्या रकान्यातला आकडा तिने खोडला होता. तिथे दुसरा लिहिला नव्हता. नरसिंगने तो घडी करून खड्याशेजारी ठेवला.

एक गोष्ट राहिली. नरसिंग दहावीला तीनदा बसला होता, हे त्याची ओळख करून देतानाच सांगितले आहे. ऋतुजाही वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला तीनदाच बसली होती. फरक एवढाच, की नरसिंग तिसऱ्यांदा पास झाला होता. तीनदा बसण्याला तिच्या बाबतीत चिकाटी म्हणतात, आणि नावापुढे एम.एस्सी. असल्याने ते सांगायची गरज पडली नाही. वाचकांनीही विचारले नाही. आचार्य मघाशी बोलू लागला तेव्हा तो फार शहाणे बोलतो आहे, असे काही वाचकांना वाटले असल्यास तशी नोंद घेण्यात आली आहे. ‘मला कळलं न्हाई, पुना सांगा’ हेच वाक्य नरसिंग पहिल्या रविवारपासून बोलत होता.

ज्यांना हे कळले नसेल त्यांनी ‘पुन्हा सांगा’ म्हणावे, लगेच सांगण्यात येईल. कार्यालयीन नोंदींनुसार नरसिंग वगळता तसे अद्याप कोणीही म्हटलेले नाही.